नावेत न घेतलेला शिष्य

श्रोते मायबाप, आज निरूपणाला घेतलेला प्रसंग मार्काच्या शुभवर्तमानातल्या पाचव्या अध्यायातला आहे. गालील सरोवराच्या पलीकडच्या काठाला एक माणूस मसणवट्यात राहायचा. साखळदंडानं बांधला तरी तोडायचा, रात्रंदिवस ओरडायचा, दगडानं स्वतःचं अंग ठेचून घ्यायचा. प्रभू येशूनं त्याला बरं केलं. लोक बघायला आले, तर हा अंगभर कपडे घालून, शुद्धीवर येऊन शांत बसलेला!

तुम्ही म्हणाल, गावानं आनंद केला असेल. नाही केला बाप्पा! त्याच वेळी दोनएक हजार डुकरांचा कळप पाण्यात बुडाला होता. गावानं हिशोब धरला तो डुकरांचा. माणूस परत मिळाला, तो जमेला धरलाच नाही. त्यांनी येशूलाच विनवलं की आमच्या शिवारातून जा.

येशू नावेकडे निघाला. बरा झालेला माणूस काकुळतीला आला, मलाही बरोबर न्या म्हणून. कुणाला वाटणार नाही? ज्या गावानं आपल्याला बेड्या घातल्या त्या गावात परत कशाला राहायचं? पण प्रभूनं त्याला नावेत घेतलं नाही. घराकडे पाठवलं, आपल्यावर झालेली दया आपल्याच माणसांना सांगायला.

इथं जरा थांबा मायबाप. गुरूला ज्या गावानं वेशीबाहेर काढलं, त्या गावात गुरूनं आपल्या जागी शिष्य ठेवला. मिशन म्हणतात ते हेच.

आपल्याकडं मिशन म्हटलं की दगडी बंगला, दवाखाना, शाळा, नाहीतर पगारी पाळक डोळ्यांपुढे येतो. पण मिशन या शब्दाचा मूळ अर्थ पाठवणं एवढाच आहे. शिष्य म्हणजे शिकणारा, प्रेषित म्हणजे पाठवलेला. शुभवर्तमानात त्या बारा जणांना ही दोन्ही नावं आहेत. माणूस एकच. जो शिकला तो पाठवला गेला. अन् जो म्हणतो मी नुसता शिकतो, पाठवणं दुसऱ्याचं, त्याचं शिकणंही अर्धंच राहिलं.

आता हे घरात कसं उतरतं? आपल्या महाराष्ट्रातलंच आख्यान ऐका. रेव्हरंड नारायण वामन टिळक. कवी होते, ख्रिस्ताचं कीर्तन करायचे. १८९५ साली फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई, त्यांची पत्नी, कडक सोवळ्यात वाढलेली. तिच्यावर आभाळच कोसळलं. काही काळ ती नातेवाइकांकडे राहिली, पंढरपुरात राहिली. पुढं नवऱ्याजवळ आली, पण चूल वेगळी, पाणी वेगळं.

टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते. रागीट होते, लहरी होते. हातात पैसा टिकायचा नाही, वाटेत कुणी गरजू भेटला की देऊन मोकळे. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं हसतहसत अन् रडतरडत लिहून ठेवलंय. पण एक गोष्ट त्यांनी केली नाही. बायकोच्या सोवळ्यावर जबरदस्ती केली नाही. गावोगाव उपदेश करणारा माणूस आपल्याच घरात वाट बघत राहिला. एके दिवशी लक्ष्मीबाईंच्याच मनात प्रश्न उभा राहिला, ही जात देवानं केली की माणसानं? उत्तर त्यांचं त्यांनाच मिळालं. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही हातचं अन्न-पाणी वर्ज्य मानलं नाही. अन् १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं लागली. मायबाप, नीट बघा, आधी पाण्याचा भेद गेला, मग अंगावर बाप्तिस्म्याचं पाणी आलं.

कुणी म्हणेल, एवढ्याशा घरगुती गोष्टीनं जगाचं काय होणार? तर पंडिता रमाबाईंकडं बघा. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीनं मरायला टेकलेल्या मुली घेऊन केडगावला आल्या. आधी जेवू घातलं, अंगावर कपडा दिला, मग अक्षर शिकवलं, हाताला काम शिकवलं. रमाबाईंनी बायबलचा मराठी तर्जुमा केला, तेव्हा मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवले ते तिथल्याच बायामुलींनी. शब्द अन् भाकरी एकाच छपराखाली.

मग उमरीत आपण काय करायचं? मोंढ्यात काट्यावर बसणारा असेल, तर ओलावा दाखवून खोटा कडता धरू नये. तुमचं शुभवर्तमान शेतकरी आधी त्या काट्यावर वाचतो. शेतात सालगडी असेल, तर त्याला चहा वेगळ्या कपात देऊ नये, अन् त्याची उचल त्याच्या लेकरांच्या मानेवर बसवू नये. उन्हाळ्यात टँकर आला की जिच्या घरात घागर धरायला कुणी नाही, त्या म्हातारीची घागर आधी भरावी. शेजारी कर्जापायी कुणी जीव दिला असेल, तर तेराव्यानंतर माणसं यायची थांबतात, तेव्हा आपण त्या माउलीच्या दारात जावं. जाताना उपदेश घेऊन जाऊ नये, पीठ घेऊन जावं. तिनं विचारलं, का आलात? तर मग सांगावं, कुणी पाठवलं ते.

अन् हे करताना कुणाच्या देवाची निंदा करायची नाही, कुणाची गरज बघून सौदा करायचा नाही. त्या माणसाला वाद घालायला पाठवलं नव्हतं. त्याच्यावर दया झाली होती, तेवढीच त्याला सांगायची होती.

हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला आपण जातो. मेणबत्ती लावतो, डोळे भरून येतात. परतायला पाय निघत नाही, वाटतं इथंच राहावं. त्या माणसालाही नावेतच बसावं वाटलं होतं. पण यात्रेचा खरा रस्ता घराच्या उंबऱ्यापासून पुढं सुरू होतो.

त्या माणसाचं पुढं काय झालं? तो दकापलीस म्हणजे दहा नगरांच्या मुलखात आपली गोष्ट सांगत फिरला. दोन अध्याय पुढं जा. येशू पुन्हा त्याच मुलखात येतो. अन् या खेपेला लोक त्याला जा म्हणत नाहीत. एका बहिऱ्या माणसाला घेऊन येतात अन् म्हणतात, याच्यावर हात ठेवा! मधल्या काळात तिथं कोण बोलत होतं, हे शुभवर्तमानानं आधीच सांगून ठेवलंय.

प्रभू, आम्हाला नावेत घेतलं नाहीस तरी चालेल. ज्या घरी पाठवशील, तिथं तुझ्या नावाला बट्टा लागू देऊ नकोस. आमेन.