लाडक्या कुत्र्याचं दुसरं घर

बदलीचा आदेश निघतो, परदेशातल्या नोकरीचं पत्र येतं, आजोबा अंथरुणाला खिळतात, आणि मग एके रात्री जेवताना कुणीतरी विषय काढतं: ब्रूनोचं काय करायचं? उत्तर बहुधा तयारच असतं. ‘गावाकडे शेतावर देऊ. मोकळा हिंडेल बिचारा.’

ऐकायला बरं वाटतं. पण सहा-सात वर्षं पंख्याखाली, माणसांच्या पायाशी झोपलेल्या लॅब्रेडॉरच्या वाट्याला शेतावर बऱ्याचदा साखळी येते, कारण तो राखणीसाठीच मागून घेतलेला असतो. साप, फवारणीची औषधं, गावातल्या कुत्र्यांची टोळी यातलं काहीच त्याला माहीत नसतं. बिबट्याच्या पट्ट्यात तर धोका फारच मोठा. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्या काय खातो याचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्याच्या आहारातला सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला.

शेत वाईट असतं असं नाही. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर २६/११च्या हल्ल्याच्या वेळी कामावर होते. निवृत्तीनंतर हे चौघे विरारच्या एका फार्मवर राहायला गेले आणि २०१६ मध्ये एकापाठोपाठ एक गेले. त्यांचं म्हातारपण नीट गेलं, कारण तिथे त्यांना ओळखणारं, औषधपाणी बघणारं माणूस होतं आणि चौघांची ताटातूट झाली नव्हती. कुत्र्यासाठी नवं घर शोधणारे जागेच्या मागे लागतात. शोधायचं असतं ते माणूस.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यायला हवी: कुत्रा द्यायलाच हवा का? पुष्कळ कुत्री सोसायटीच्या नोटिशीमुळे घराबाहेर पडतात. वास्तविक भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केलं आहे, की बहुमताने ठराव करून किंवा उपविधी बदलूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. घरात बाळ येणार म्हणून कुत्रा काढायचा, हाही असाच घाईचा निर्णय. भुंकणं, चप्पल कुरतडणं, अंगावर उड्या मारणं यावर चांगला प्रशिक्षक आणि रोजचं दोन वेळचं फिरणं, एवढ्यानेही खूप फरक पडतो.

आणि द्यायचाच असेल, तर द्यावा. त्यात अपराध नाही. अपराध आहे तो गाडीतून नेऊन लांबच्या नाक्यावर सोडून येण्यात. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. साठ वर्षं उलटून गेली तरी हा आकडा तसाच आहे, ही लाजेची गोष्ट आहे.

शोधाची सुरुवात व्हेटपासून करावी. कुणाचा कुत्रा नुकताच गेला आणि घर कुणाला खायला उठतंय, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. नातेवाईक, रोज फिरायला जाताना भेटणारे कुत्रेवाले, पूर्वी सुट्टीत त्याला सांभाळणारं कुटुंब, हे त्यानंतरचे. शेल्टर अगदी शेवटी. तिथे जखमी, आजारी भटक्या कुत्र्यांचीच गर्दी असते आणि घरात वाढलेला कुत्रा त्या पिंजऱ्यात, त्या गोंगाटात कित्येकदा खाणंच सोडतो.

व्हॉट्सअॅपवर ‘जातिवंत मादी, मोफत देणे आहे’ एवढाच मजकूर फिरवणं तर फारच धोक्याचं. असा मजकूर सगळ्यात आधी वाचतात ते पिल्लांचा धंदा करणारे. मादी असो वा नर, नसबंदी करूनच द्यावा. मग त्या घराला हवा असतो तो फक्त कुत्रा.

माहिती लिहिताना खोट लपवण्याचा मोह होतो, आणि तिथेच घात होतो. ताटात तोंड घातलं की गुरगुरतो, मांजर दिसलं की पट्टा ओढून पळतो, कुकरच्या शिट्टीला घाबरतो, एकटा राहिला की रडतो, हे सगळं आधी सांगावं. ते ऐकून चार जण मागे फिरतील. फिरू द्यावेत. न सांगता दिलेला कुत्रा महिन्याभरात तिसऱ्या घरी जातो, तिथून चौथ्या. चावल्याचा प्रसंग घडला असेल तर तो कधी, कुणाला, कशामुळे, हे लेखी द्यावं.

समोरच्यांनाही प्रश्न विचारावेत. घर भाड्याचं असेल तर मालकाला चालेल का? दिवसभर घरी कोण असतं? आधीचा कुत्रा कशाने गेला? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावरून माणूस बराच कळतो. पहिली भेट दोघांच्याही घराबाहेर, एखाद्या मैदानात घ्यावी. मग त्यांच्या घरी जाऊन बाल्कनीचे कठडे, फाटक आणि कुत्रा झोपणार ती जागा बघून यावी. चांगली माणसं याचा राग धरत नाहीत.

देण्याचा दिवस दिवाळीच्या आसपास नको. नव्या जागेत पहिला फटाका वाजला की कुत्रा उघड्या दारातून सुसाट निघतो, आणि परतीचा रस्ता त्याला ठाऊक नसतो. पहिले काही आठवडे दार उघडण्याआधी पट्टा हातात हवा, गळपट्ट्यावर दोन्ही घरांचे नंबर हवेत. सोबत त्याची वापरातली चादर न धुता द्यावी, तिला ओळखीचा वास असतो. पंधरा दिवस पुरेल इतकं नेहमीचं खाणं, लसीकरणाचं कार्ड, महापालिकेचा परवाना, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर द्यावा. आणि एका कागदावर त्याला कळणारे शब्द: ‘बस’, ‘सोड’, ‘खाली जायचं?’

मुलांना मात्र खरं सांगावं. ‘पळून गेला’ म्हटलं की मूल कित्येक दिवस रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्यात त्याला शोधत राहतं. त्याचं सामान भरायला मुलांना हाताशी घ्यावं, शक्य असेल तर नवं घरही दाखवावं.

प्राण्यांसाठी काम करणारे लोक एक ढोबळ हिशेब सांगतात: बावरलेपण जायला तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. पहिले दोन दिवस कुत्रा जेवला नाही तर नवं कुटुंब हबकतं, म्हणून हा हिशेब त्यांना आधीच सांगून ठेवावा. दोन्ही बाजूंनी सही केलेला एक साधा करारही असावा. त्यात एक कलम हवंच: काहीही कारणाने जमलं नाही, तर कुत्रा परस्पर कुणाला न देता आधी मूळ घराला फोन करायचा. परदेशी निघालेल्या कुटुंबाने त्यासाठी इथल्या एखाद्या भावाचा किंवा मैत्रिणीचा नंबर, त्यांना विचारून, त्या कागदावर लिहावा.