चार कटिंग, एक शब्दकोडं

‘दिराची बायको, दोन अक्षरं.’ सांगा बघू, फोनला हात न लावता!

आम्हाला दहा मिनिटं लागली. उल्हासनगर कॅम्प २, नेहरू चौकाजवळची चहाची टपरी, चार कटिंग आणि चौघांत एक पेपर. ‘वहिनी’ तीन अक्षरी. ‘भाभी’ बसतं, पण ते हिंदी. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, ‘‘जाऊ दे ना यार!’’ आणि पेन जिच्या हातात होतं ती ओरडली, ‘‘अरे, जाऊ! जाऊच!’’ शब्द तोंडात होता, पण नातं म्हणून तो आमच्यापैकी कुणी वापरतच नाही. आईच्या जावा आपल्यासाठी फक्त काकू असतात ना!

शब्दकोड्याचा जन्म तसा लांबचा. आर्थर विन या पत्रकाराने २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात ते पहिल्यांदा छापलं. पण मराठीत आल्यावर खेळ बदलतो. इंग्रजीत एका चौकोनात एक लेटर. आपल्याकडे काना, मात्रा, जोडाक्षर सगळ्यासकट एक अख्खं अक्षर. ‘उल्हासनगर’ सहा चौकोनांत बसतं, कारण ‘ल्हा’ एकाच घरात राहतो. त्यामुळे उभा आणि आडवा शब्द जिथे भेटतात, तिथे वेलांटीसुद्धा जुळावी लागते. ऱ्हस्व-दीर्घाला ‘चलता है’ म्हणणाऱ्यांची तिथेच विकेट पडते.

आमची पडली ती दोनच दिवसांनी. उभा शब्द होता, ‘उदाहरणार्थ, वालधुनी’, दोन अक्षरं. आम्ही एका सुरात ‘नाला’ म्हणालो आणि पेनाने लिहूनही टाकलं. त्यातल्या ‘ला’पासून आडवा शब्द सुरू होत होता : ‘नवऱ्याचा भाऊ’, दोन अक्षरं. ला... काय? ज्याच्या घरी हिंदी बोलतात तो म्हणाला, ‘देवर’. एक अक्षर जास्त. मग सिंधी मैत्रीण म्हणाली, ‘‘आमच्यात डेर म्हणतात.’’ डेर... दीर! मग वाद पेटला, ‘दिर’ की ‘दीर’? परवाच्या कोड्यात ‘दिराची’ ऱ्हस्व होतं ना! प्रत्यय लागला की ‘दीर’चा ‘दिरा’ होतो, हे शाळेत शिकवलेलं तेव्हा कुठे आठवलं. पण मग ‘ला’च्या जागी ‘दी’ आला, आणि उभा शब्द झाला ‘नदी’.

टेबलावर एकदम शांतता. वालधुनी नदी आहे. अंबरनाथचं प्राचीन शिवमंदिर तिच्याच काठावर आहे. हे चौघांनाही माहीत होतं. तरी लहानपणापासून नाकाला रुमाल लावूनच तिच्यावरून गेल्यामुळे ‘नदी’ हा शब्द कुणाच्याच डोक्यात आला नाही. ती चूक एका सिंधी शब्दाने पकडून दिली.

म्हणून सांगते, कोडं एकट्याने सोडवू नका. गुगलला विचाराल तर उत्तर दोन सेकंदांत मिळेल आणि तितक्याच वेगाने विसरालही. मित्राशी भांडून मिळवलेला शब्द डोक्यात घट्ट बसतो. शिवाय ‘हा शब्द मला माहीत नाही’ हे न लाजता कबूल करायची सवय लागते. मराठी घरात वाढलेल्या आपल्यालाच ती जास्त जड जाते, हा माझा स्वतःचा अनुभव.

आमचे नियम सोपे आहेत. फोन पालथे. पेन रोज वेगळ्याच्या हातात. कुठल्याही भाषेतला शब्द आधी मोठ्याने बोलायचा, मग बसतो का ते बघायचं. अडलेली घरं रिकामी ठेवायची, उत्तर उद्याच्या पेपरात. ज्याचा अंदाज चुकला, त्याच्याकडून चहा.

‘नाला’ आम्ही चौघांनी लिहिलं होतं. त्यामुळे त्या दिवशीचा चहा ज्याने त्याने आपापला भरला. निघताना पुलावर एकाने रुमाल काढला आणि सवयीने म्हणाला, ‘‘काय वास मारतोय हा नाला!’’

तिघं एकदम म्हणालो, ‘‘नदी!’’