मुळांची द्वारे

कोकणातील तांबड्या जांभ्या जमिनीत भाताची रोपे कधी कधी खुरटतात व पाने गर्द, काळपट हिरवी दिसू लागतात. हे फॉस्फेटच्या उपासमारीचे लक्षण होय. त्या मातीत फॉस्फेट नसतेच असे नाही; परंतु लोह व ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. खतातून घातलेल्या फॉस्फेटचाही बराचसा भाग असाच अडकतो. पाण्यात उतरतो तो केवळ लेशमात्र अंश. उलट, मुळांच्या पेशींत फॉस्फेटचे प्रमाण त्या पाण्याच्या हजारपटीहूनही अधिक असू शकते. मग ते आत शिरते तरी कसे?

मूलरोमांच्या पेशीपटलात वाहक प्रथिने असतात. पेशी ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे धनभारित कण बाहेर लोटते. उंचावर चढविलेले पाणी जसे खाली धावते, तसे हे कण पुन्हा आत येऊ पाहतात. वाहक प्रथिन त्यांना वाट देते. मात्र सोबत फॉस्फेट असेल तरच! उपासमार वाढली, की रोप अशी प्रथिने अधिक निर्माण करते.

थरच्या वाळवंटात सापडलेली एक बुरशी मुळांत वस्ती करून रोपाला फॉस्फेट पुरविते. तिच्या वाहक प्रथिनाची रचना २०१३ साली उघड झाली, तेव्हा त्याच्या ऐन मध्यभागी चोहोंकडून वेढलेला फॉस्फेटचा कण आढळला.