घोडेमोडणीतला घोडा गेला कुठे?

माझं आजोळ डिचोलीचं. लहानपणी शिगम्याला तिथे गेलो की माझं लक्ष फक्त घोडेमोडणीकडे. कमरेला रंगीत कापडाने मढवलेला लाकडी घोडा, डोक्याला फुलं खोवलेला फेटा, एका हातात तलवार, दुसऱ्यात लगाम, पायांत घुंगरू. ढोल-ताशे सुरू झाले की तो माणूस खरंच घोडा व्हायचा. डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत हा नाच अजून होतो. पोर्तुगिजांवरच्या विजयाची ती आठवण, असं घरातली मोठी माणसं सांगत. मात्र अख्ख्या आजोळात खरा घोडा मी कधीच पाहिला नाही. गेल्या शिगम्याला मुलीने नेमकं तेच विचारलं, "बाबा, खरे घोडे कुठे गेले?" मला उत्तर येईना. सवयीने शोधत बसलो.

गोव्याच्या दमट हवेत घोडा फारसा रमला नाही, पण गोव्याच्या बंदरात तो शतकानुशतकं उतरत राहिला. होर्मुझकडून जहाजं यायची, घोडे घाटावर दक्षिणेतल्या राज्यांकडे जायचे. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांनी हा व्यापार आपल्या मुठीत घेतला आणि त्याच्या जकातीवर तिजोरी भरली. आपल्या चौल बंदरातही घोडे येत. पंधराव्या शतकात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला. जुन्नरला पोचला तर तिथल्या खानाने घोडाच काढून घेतला! पुढे तो परत मिळाला म्हणा. इथे घोड्यांना साखर आणि तेल घालून खिचडी शिजवतात, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. (आमच्या घरी खिचडीला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.)

या अरबी, इराणी, तुर्की रक्ताचा घाटावरच्या काटक तट्टांशी संकर होत गेला आणि भीमा-नीरेच्या खोऱ्यात एक वेगळं जनावर तयार झालं, भीमथडी. थडी म्हणजे काठ. उंचीला अरबी घोड्यापेक्षा लहान, पण अंगाने भरलेलं, मजबूत पायांचं. रंग म्हणाल तर तांबूस, राखाडी, काळपट, सगळे. कोरड्या चाऱ्यावर भागवायचं, ऊन सोसायचं आणि खडकाळ वाटेवर दिवसभर चालायचं, ही त्याची खरी मिळकत. रुबाबात ते मारवाडी घोड्यापुढे उभं राहणार नाही. पण मराठ्यांना मिरवणुकीचं जनावर नको होतं. झटकन जाऊन झटकन परत येणारं हवं होतं.

आणि तेच डिचोलीपर्यंत आलं. नार्वे इथल्या सप्तकोटीश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, तो याच तालुक्यात. १६८३ मध्ये संभाजीराजे गोव्यावर चालून गेले, तेव्हा जुवे बेटाजवळ भरतीच्या पाण्यात त्यांचा घोडा सापडला आणि खंडो बल्लाळांनी त्यांना वाचवलं, अशी हकीकत बखरीत आहे. राजांचा घोडा उंची असेल. मागून येणाऱ्या साध्या स्वाराखाली मात्र बहुतेक तट्टूच. घोडेमोडणीत आपण नाचवतो ते त्याचंच सोंग, असं मला आता वाटतं. पुरावा विचाराल तर नाही.

फौजा गेल्या, पागा मोडल्या. ही जात संपली, असंच बरीच वर्षं मानलं जात होतं. २०२३ पासून महाराष्ट्राचं राज्यगीत असलेल्या राजा बढे यांच्या गीतात भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. आपण ते शाळेपासून गातो, पण हे जनावर जिवंत आहे का, असा प्रश्न मला तरी कधी पडला नव्हता. ते जिवंत होतं, धनगरांच्या वाड्यांवर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरणाऱ्या या कुटुंबांचं सगळं बिऱ्हाड याच घोड्यांच्या पाठीवर असतं. पालाच्या काठ्या, भांडी, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी लहान मूलसुद्धा. घोडे लादायचं आणि हाकायचं काम बहुतेक बायकांकडे. राजांच्या पागेने नव्हे, या बायकांनी ही जात राखली, असं मी मानतो.

२०२४ च्या सुरुवातीला तिला देशातली आठवी नोंदणीकृत घोड्यांची जात म्हणून मान्यता मिळाली. पण २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाखांच्या आसपास असलेले घोडे-तट्टू २०१९ मध्ये साडेतीन लाखांच्याही खाली आले होते. कागदावर नाव चढलं, तरी पाठीवर ओझं नसेल तर तट्टू पोसणार कोण?

यंदा दिवाळीनंतर ताम्हिणी घाटात असा एक वाडा आम्हाला आडवा आला. गाडी बाजूला घेतली. मुलीने अकरा घोडे मोजले, आणि मागून धडपडत येणारं एक शिंगरू. पुढच्या घोडीचा कासरा धरलेल्या मावशींना मी म्हटलं, घोडी छान आहे हो. त्या म्हणाल्या, चांगली हाय, पण पोरगा म्हणतोय पुढल्या सालाला टेंपो घेऊ.

मुलगी शिंगराकडे बघत होती. तिला तिथून हलवायला मला अर्धा तास लागला.