कमान, घुमट, छज्जा : मुंबईच्या इमारती ओळखताना

मुंबई : महानगरात फिरताना आपली नजर बहुधा दुकानांच्या पाट्यांच्या उंचीपर्यंतच पोहोचते. शैली ओळखायची असेल, तर ती दुसऱ्या मजल्यापासून वर न्यावी लागते. तळमजले वारंवार बदलतात, वरचे मजले मात्र बांधले गेले त्या काळाशी बऱ्याच अंशी प्रामाणिक राहतात. याचा पडताळा घेण्यास दक्षिण मुंबईतील ओव्हल मैदानाइतकी सोयीची जागा देशात क्वचितच असेल.

मैदानाच्या मध्यभागी पूर्वेकडे तोंड करून उभे राहिल्यास डावीकडे उच्च न्यायालय, समोर मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा आणि उजवीकडे जुने सचिवालय दिसते. ही व्हिक्टोरियन गॉथिक शैली. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, 1860 च्या दशकात, किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सार्वजनिक इमारतींची ही रांग उभी राहिली. तिची पहिली खूण म्हणजे टोकदार कमान. अर्धवर्तुळाकार कमानीपेक्षा ती भार अधिक सरळ खाली उतरवते. त्यामुळे उंची गाठता येते. मग उतरती छपरे, निमुळते कळस, रंगीत काचांच्या खिडक्या आणि पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी पशुमुखी पन्हळे.

मात्र ही शैली इंग्लंडहून जशीच्या तशी उचललेली नाही. ऊन आणि पाऊस अडवण्यासाठी येथे प्रशस्त व्हरांडे जोडले गेले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेल्या आणि 1878 मध्ये पूर्ण झालेल्या राजाबाई मनोऱ्यावर पश्चिम भारतातील विविध समाजांच्या लोकांची शिल्पे आहेत. त्यांचे नमुने सहायक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले होते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरील कोरीवकामातही सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा वाटा आहे. तेथील मोर, माकडे आणि पानाफुलांकडे पाहिल्यावर या शैलीला केवळ ‘ब्रिटिश’ म्हणून मोकळे होणे अपुरे वाटते.

आता पाठ फिरवून पश्चिमेकडे पाहावे. कमान नाही, कळस नाही. गुळगुळीत गिलाव्याच्या, पाच-सहा मजली निवासी इमारती. गोलाई दिलेले कोपरे, भिंतीवरून आडव्या धावणाऱ्या पट्ट्या आणि खिडकीवर भुवईसारखा पुढे आलेला छज्जा. कोठे जहाजाच्या खिडकीसारखे वर्तुळ, कोठे उगवत्या सूर्याची किरणे. या ‘आर्ट डेको’ इमारती 1930 च्या दशकात, बॅक बे भरणीनंतर उभ्या राहिल्या. त्याआधी गॉथिक इमारतींसमोर मैदान आणि त्यापलीकडे समुद्र होता. लोखंडी सळयांच्या काँक्रीटमुळे भार खांबांवर गेला, भिंत हलकी झाली, कोपरा वळवता आला. शैलीचे मूळ 1925 च्या पॅरिस प्रदर्शनात असले, तरी ‘आर्ट डेको’ हे नाव 1960 च्या दशकात रूढ झाले. ज्यांनी ही घरे बांधली त्यांच्या तोंडी ते नव्हते. रिगल चित्रपटगृह (1933) आणि इरॉस (1938) ही याच पिढीतली. रिगलचे वास्तुविशारद चार्ल्स स्टीव्हन्स हे टर्मिनसची गॉथिक इमारत उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचे पुत्र होते. एका घरातील दोन पिढ्यांत शैली इतकी पालटली.

गोंधळ होतो तो घुमटांपाशी. टर्मिनसलाही घुमट आहे, जनरल पोस्ट ऑफिसलाही आहे. पण पोस्ट ऑफिसचा (1913) घुमट विजापूरच्या गोल घुमटाची आठवण करून देतो. भारतीय घुमट, जाळ्या, छत्र्या आणि पाश्चात्त्य आखणी यांच्या या मिश्रणाला इंडो-सारासेनिक म्हणतात. जॉर्ज विटेट यांचे गेटवे ऑफ इंडिया (1924) आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय याच कुळातले. त्यामुळे घुमट पाहून घाईने निर्णय न घेता त्याखालील कमानी आणि जाळ्या पाहाव्यात. एशियाटिक सोसायटीचा टाऊन हॉल (1833) ओळखणे त्या मानाने सोपे : रुंद पायऱ्या, ग्रीक धाटणीचे पन्हाळीदार खांब, वर त्रिकोणी शिरोभाग.

ओव्हलभोवतीच्या गॉथिक आणि आर्ट डेको समूहातील 94 इमारतींना 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. न्यायालय आणि विद्यापीठ यांचे वारसामूल्य कोणाला पटवून द्यावे लागत नाही. आर्ट डेकोची अडचण अशी की ती लोकांच्या राहत्या घरांची शैली आहे. गोल सज्जा बंद करून खोली वाढवली जाते, लाकडी चौकटीच्या जागी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात आणि छज्ज्याची ओळ वातानुकूलन यंत्रांमागे झाकली जाते. रहिवाशांना दोष देणे सोपे आहे. पण वर्षानुवर्षे गोठलेल्या भाड्यांत अशा इमारतीची दुरुस्ती करायची कोणी, हा प्रश्न खराच आहे.

वारसा क्षेत्राबाहेर परिस्थिती अधिक बिकट आहे. दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क परिसरात याच शैलीतील दोन-तीन मजली घरे आहेत. त्यांतील अनेक पुनर्विकासाच्या वाटेवर आहेत आणि जुनी चाळ व आर्ट डेको घर यांतला फरक न कळल्याने ती केवळ ‘जुनी इमारत’ म्हणून पाडली जातात. तेथून जाताना प्रवेशद्वाराच्या वर पाहावे. जिन्याची उभी पट्टी दर्शनी भिंतीवर सर्वांत उंच गेलेली असते, तिच्यात एकावर एक झरोके असतात आणि दाराशी सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांत इमारतीचे नाव, कधी कधी बांधकामाचे वर्षही, कोरलेले सापडते.