वीज बंद, गाणं सुरू!

रॉक बँड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं, दोस्तांनो? भिंतीसारखे उभे स्पीकर, किंचाळणारी इलेक्ट्रिक गिटार, धडाडणारे ड्रम आणि आतल्या खोलीतून ‘आवाज कमी कर!’ म्हणून ओरडणारे बाबा! पण एका रॉक बँडनं चक्क आपण होऊन आवाज कमी केला. त्याचीच ही गोष्ट.

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बेलव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या जे फरार, जेफ ट्वीडी आणि माइक हायडॉर्न या तिघा दोस्तांनी १९८७ साली ‘अंकल टुपेलो’ हा बँड काढला. त्यांचे पहिले दोन अल्बम चांगले दणदणीत होते.

१९९२ साल उजाडलं, तेव्हा हवा होती ‘निर्वाणा’ बँडची. त्यांचा ‘नेव्हरमाइंड’ जानेवारीत अमेरिकेत पहिल्या नंबरावर पोचला होता. रेकॉर्ड कंपन्या तसल्याच बँडच्या शोधात! अंकल टुपेलोनं मात्र उलटी वाट धरली. ‘आर.ई.एम.’ या गाजलेल्या बँडचा गिटारवादक पीटर बक मदतीला आला. जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स शहरात पाच दिवसांत पंधरा गाणी रेकॉर्ड झाली. अल्बमचं नाव? ‘मार्च १६–२०, १९९२’!

साथीला होती अकूस्टिक गिटार, बँजो, मँडोलिन. अकूस्टिक गिटारला वीज लागत नाही. तार छेडली की तिची थरथर लाकडी पोकळ पेटीत उतरते आणि तिथेच आवाज घुमतो. मग गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो.

आणि इथे शब्दच महत्त्वाचे होते! कारण यातली बरीच गाणी जुनी, लोकांच्या तोंडी असलेली. ‘कोलमायनर्स’ हे गाणं घ्या. केंटकी राज्यातल्या सॅरा ओगन गनिंग यांनी ते १९३०च्या दशकात रचलं. त्यांचे वडील आणि पती दोघेही कोळशाच्या खाणीत राबणारे. दिवसभर जमिनीखाली घाम गाळूनही घरी मुलं उपाशीच, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. कामगारांनो, एकत्र या, असं हे गाणं सांगतं. पन्नासएक वर्षांनी विशीतली पोरं तेच गाणं मनापासून गायली.

मग अल्बम आपटला का? छे! आधीच्या दोन्ही अल्बमपेक्षा जास्त खपला. १९९४ साली बँड फुटला आणि त्यातून ‘विल्को’ आणि ‘सन व्होल्ट’ हे दोन नवे बँड निघाले.

ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही, असं थोडंच आहे? हे बाबांना जरूर वाचून दाखवा. अगदी हळू आवाजात!