मत्स्यालयाचा बाह्य पंप
मत्स्यालयाचा बाह्य पंप हा घरगुती मत्स्यालयातील पाणी टाकीबाहेरून खेळते ठेवणारा विद्युत पंप होय. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. अकोला व अमरावती येथे उन्हाळ्यात पारा अनेकदा ४४ अंश सेल्सिअसवर जातो. अशा दिवसांत आवाजाला कंटाळून रात्री पंप बंद ठेवल्यास मासे गुदमरू शकतात. त्यामुळे पंपाची निवड करताना त्याचा आवाज महत्त्वाचा ठरतो.

१०० लिटरच्या टाकीस ताशी ४०० ते ५०० लिटर प्रवाह साधारणतः पुरतो. पाणी जितके उंच चढवावे लागते, तितका तो घटतो. पंप पाण्याच्या पातळीखाली, रबराच्या जाड पट्टीवर बसवतात. प्रवाह कमी करणारी झडप बाहेर जाणाऱ्या नळीवर असावी. आत येणारी नळी आवळल्यास खडखडाट वाढतो. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल क्षारयुक्त असते. क्षारांचा थर पंख्यावर साचल्यासही आवाज वाढतो, म्हणून पंखा वेळोवेळी स्वच्छ करणे आवश्यक असते.